डावी बाटली

कोयनानगरला आमचा डायव्हिंग कॅम्प लागून अकरा दिवस झाले होते. टीम सहा जणांची. कमांडर सुभेदार नेगी, गढवालचे. सीनियर डायव्हर हवालदार दत्तात्रय भोईटे, फलटणचे. मी लान्स नाईक, गाव कडेगाव तालुक्यात, सर्व्हिस पाच वर्षं. बाकी तिघे बोट, दोरी आणि कॉम्प्रेसर सांभाळत.

रोजचा कार्यक्रम ठरलेला. ०५३० ला पीटी, ०७०० ला सामानाची तपासणी, ०८०० ला पाण्यात. आमचा सेट दोन बाटल्यांचा. बाटल्यांत ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. दोन्ही बाटल्या पाठीवर शेजारी शेजारी, वर त्यांना जोडणारा आडवा नळ, म्हणजे मॅनिफोल्ड. नळामुळे दोन्हींतली हवा एकच. म्हणून आतल्या हवेचा दाब दाखवणारं गेज एका सेटला एकच. स्टोअरमधून मिळायचंही तेवढंच.

आमची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाटलीचा नॉब मानेच्या मागे येतो. तिथे स्वतःचा हात नीट पोचत नाही. म्हणून नॉब उघडायचा तो जोडीदाराने, काठावर. उघडून झाला की त्याने मोठ्याने "ओपन" म्हणायचं आणि खांद्यावर दोन थापा मारायच्या. बंदही त्यानेच करायचा, पाण्याबाहेर आल्यावर. भोईटे उस्तादांनी बारा वर्षं डायव्हिंग केलं. त्या बारा वर्षांत पाण्याखाली त्यांनी स्वतःच्या नॉबला हात लावला नव्हता. मीही नाही. आम्ही नदीत आणि धरणात उतरायचो. डोक्यावर छत असलेल्या पाण्यात कधीच नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी उस्ताद ग्राउंडशीट टाकून बसले होते. पुढ्यात एक सेट पूर्ण उकललेला. मॅनिफोल्ड काढलेला, पट्टे सोडलेले.

"कडेगाव, हिकडं ये. ती ट्यूब कापून चार पट्ट्या कर."

ते मला गावाच्या नावानेच हाक मारत. मी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापायला घेतली.

"काय चाललंय उस्ताद?"

"सायडमाउंट. कोर्सला एक पिरियड झालता, आठवतोय का? तू झोपला असशील."

मी झोपलो नव्हतो. सायडमाउंट म्हणजे बाटल्या पाठीवर न घेता दोन्ही काखांखाली, कुशीला लटकवायच्या. माणूस आडवा पोहताना पाठीवर काही राहत नाही. जिथून नुसतं अंग जाईल तिथून डायव्हर जातो. अडचणीच्या जागी एक बाटली हुकातून काढून हातात धरता येते, दुसऱ्याला देताही येते. पण त्यासाठी जोडसेट तोडावा लागतो. मॅनिफोल्ड काढला की प्रत्येक बाटलीच्या डोक्याला एक उघडं भोक राहतं. त्यासाठी उस्तादांनी पाटणच्या एका लेथवाल्याकडून पितळी प्लग करून आणले होते. दोन सेटचे चार.

"आता ह्या दोघी सवती झाल्या," उस्ताद बाटल्यांवर हात ठेवून म्हणाले. "हिची हवा हिला, तिची तिला. दोघींचं वेगळं रेग्युलेटर, दोघींचं वेगळं गेज पाहिजे."

"गेज एकच मिळतं सेटला."

"म्हाईत हाय. मागणी टाकलीय. येतंय बघ, तुझी पेन्शन बसली की."

दुसऱ्या दिवशी ०७४० ला कॉल आला.

सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर, कृष्णेकाठी, एका उपसा योजनेच्या बोगद्यात माणूस अडकला होता. नदीचं पाणी बोगद्यातून जॅकवेलमध्ये, म्हणजे काठावरच्या खोल पक्क्या विहिरीत येतं आणि जॅकवेलवरचे पंप ते उचलतात. गाळ काढायला बोगदा नदीच्या बाजूने फळ्या टाकून कोरडा केला होता. पहाटे सहाच्या सुमाराला फळ्या सुटल्या. आत दोघं होते. एक पळत बाहेर आला. दुसरा, फिटर भूपाल मगदूम, आत राहिला. ऑपरेटरने घाबरून जॅकवेलच्या तोंडाचं गेट खाली सोडलं. ते वाकडं होऊन अर्ध्यात अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. खाली फट राहिली सव्वा फुटाची.

आम्ही १०१० ला पोचलो. ऊस तोडणीचे दिवस. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. त्यामुळे उशीर. गाडीत दोनच सेट बसले. तिसरा सेट आणि कॉम्प्रेसर मागून येणार होता.

जॅकवेलवर भूपालचा थोरला भाऊ उभा होता. त्याने नेगी साहेबांचा हातच धरला.

"आवं साहेब, जित्ता हाय त्यो. पायपावर ठोकतोय. ऐका की."

केबलचा लोखंडी पाइप बोगद्याच्या भिंतीला धरून आत गेला होता. मी कान लावला. तीन ठोके. थांबून तीन ठोके. योजनेच्या इंजिनिअरने नकाशा उलगडला. गेटपासून पस्तीस मीटरवर बांधकामाच्या वेळचा एक जुना उभा शाफ्ट होता. वरून काँक्रीटने बंद केलेला, वर डोंगर. त्या शाफ्टच्या तळाला हवा कोंडली होती आणि भूपाल तिथे होता. वरून ड्रिल मारायला मशीन यायला संध्याकाळ होणार. तेवढी हवा आत नव्हती.

उस्ताद एकदा उतरून गेट बघून आले. पाणी आठ मीटर खोल. गढूळ, हात दिसत नाही.

"साहेब, पीठ पर सेट लेके नहीं जाएगा. साइड में लेना पड़ेगा."

"कितना टाइम?"

"चालीस मिनट."

पंपहाउसच्या ओट्यावर आम्ही दोन्ही सेट उकलले. मॅनिफोल्ड काढले, प्लग बसवले. पंपहाउसमध्ये पाइपाला आवळायच्या मोठ्या क्लिपा होत्या, त्या बाटल्यांच्या कंबरेला आवळून त्यात हुक अडकवले. वरच्या बाजूला ट्यूबच्या रबराचे फास. प्रत्येक बाटलीला तिचं रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी. बाटल्या चार. गेज दोन.

इथे मी जे केलं ते जसंच्या तसं लिहितो.

उस्ताद म्हणाले, "दोनी गेज माझ्या सेटला लाव. म्होरं मी जाणार."

मी स्टँडबाय होतो, म्हणजे गरज पडली तर मागून उतरणारा. मी म्हणालो, "उस्ताद, स्टँडबाय डायव्हरचा सेट पूर्ण पाहिजे. गेजशिवाय स्टँडबाय हा स्टँडबायच नाही. पॅम्फ्लेटमध्ये स्पष्ट आहे."

मी पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढलो. आमच्याकडे धरणग्रस्तांच्या सभेची पत्रकं माळ्यावर धान्याच्या कणगीशेजारी असत, आणि छापलेलं वाक्य ही वडिलांच्या लेखी शपथ असे. फौजेत गेलो तर तिथेही पॅम्फ्लेटं, नियमांच्या छापील पुस्तिका. मी ती पाठ केली. नियम हा दुबळ्याचा आधार असतो, असं मी मानत होतो. आजही मानतो. पण त्या दिवशी मी नियम वाचला, पाणी वाचलं नाही. जो नियम जोडसेटसाठी लिहिला होता तो मी तोडलेल्या सेटला लावला.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. "वकील व्हायचास तू. बरं. एकेक लाव."

त्यांचं गेज उजव्या बाटलीला लावलं. कारण उजवी भूपालला द्यायची होती. परक्या माणसाच्या तोंडात जाणाऱ्या बाटलीत किती हवा आहे ते माहीत असायलाच हवं. डावी आंधळी. ती भरलेली आहे हे काठावर गेज लावून बघितलं, दोनशे. मग गेज काढलं. आत जायचं डावीवर. बादलीत बाटलीचं डोकं बुडवून बघताना डाव्या प्लगमधून दोन बारीक बुडबुडे आले. मी पान्याने अर्धी फेरी आवळलं. बुडबुडे थांबले.

मी दोन्ही नॉब उघडले. "ओपन." खांद्यावर दोन थापा.

१११८ ला उस्ताद उतरले. दोरी माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक. चार म्हणजे मदत पाठवा. ११२३ ला एक झटका, गेट पार. ११२८ ला आणखी एक. भूपालपाशी पोचले. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली. तो खाली बसला.

उस्तादांनी पाच मिनिटांत त्याला घेऊन निघायचं होतं. ११४१ ला चार झटके आले.

मी उतरलो. गेटची कडा हाताने चाचपली. मी बारीक, वजन अठ्ठावन्न किलो. फटीतून सरकताना माझ्या वर चार बोटं जागा उरली. तरी छातीखाली गाळ आणि वर लोखंड, आणि मागे वळायला जागा नाही. उस्ताद माझ्या दीडपट होते. ते इथून कसे घासत गेले असतील हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं ते एवढंच, की मी अडकलो तर फट बंद होईल आणि आतले दोघे आतच राहतील. मग मी मोजायला लागलो. दोरीवर एक हात, दुसरा हात. एकावन्न हातांवर डोकं पाण्याबाहेर आलं.

शाफ्टचा तळ विहिरीच्या कड्यापेक्षा अरुंद. टॉर्चच्या उजेडात भूपाल मगदूम पाइपाला मिठी मारून उभा, पाणी छातीपर्यंत. तोंडात उस्तादांच्या उजव्या बाटलीचं रेग्युलेटर. उस्ताद शेजारी, धापा टाकत. आतली हवा श्वासात घेतली की डोकं गच्च व्हायचं.

"काय झालं उस्ताद?"

"डावी मेली. गेट पार केलं आन दोन दमात मेली. उजवीवर आलो हितवर. ह्यो बेशुद्धीत हुता. उजवीवर ठिवला तवा डोळं उघडलं."

"प्लग गळला असेल?"

"गळलाच आसंल."

मी डावा प्लग पाण्याखाली धरून बघितला. एकही बुडबुडा नाही. मला वाटलं, रिकाम्या बाटलीतून कुठून येणार? उजवीचं गेज बघितलं. सुई लाल पट्ट्यात, पंधराच्या खाली.

दोघांपैकी एकानेही नॉबला हात लावला नाही. तो मी उघडला होता. मी "ओपन" म्हटलं होतं. आमच्या हिशेबात तो विषय काठावरच संपला होता.

भूपालने रेग्युलेटर तोंडातून काढलं. "पावनं, माझ्यापायी तुमी नगा अडकू. तुमी जावा."

"गप्प बस रं गड्या," उस्ताद म्हणाले. "फुकट न्हाई आलो. बाहिर गेल्यावर जेवण घाल. मटण."

"आमी जैन हाय."

"मग शेंगांची पोळी घाल. पर चल."

भूपाल हसला. त्या हवेत हसणंही महाग होतं.

उस्तादांनी लगेच ठरवलं. चांगल्या बाटल्या दोन, दोन्ही माझ्या. माझी गेजची उजवी भूपालला, डावीवर मी. फटीतून एका वेळी एकच माणूस जातो, त्यामुळे एका बाटलीवर दोघं जाऊ शकत नाहीत. उस्ताद मागे थांबणार. मी बाटली घेऊन परत येणार.

"मी थांबतो. तुम्ही त्याला न्या," मी म्हणालो.

"तुझ्या बाटल्या तुझ्या अंगाच्या मापानं बांधल्यात. त्या सोडून माझ्या अंगाला बांधायला दहा मिंटं. ह्याच्याकडं दहा मिंटं न्हाईत. आर्डर हाय, कडेगाव. निघ."

११५६ ला निघालो. भूपालची पाठ माझ्या छातीला बांधलेली होती, गेटपाशी सोडली. त्याला फटीत पुढे ढकललं. अर्ध्यात तो घाबरला, पाय झाडले, माझा मास्क गेला. मी डोळे मिटून त्याचे दोन्ही घोटे धरून ढकलत राहिलो. पलीकडून टीमने दोरी ओढली. १२०९ ला तो जॅकवेलच्या शिडीवर होता, जिवंत. त्याचा भाऊ ओरडत होता, सगळे ओरडत होते. मी उजवीचं गेज बघितलं. तीस.

वॉकी-टॉकीवर नेगी साहेब मागून येणाऱ्या गाडीशी बोलत होते. "टायगर टू, लोकेशन बताओ. ओव्हर."

"साहब, कराड के पहले जाम है. ट्रॉली पलटी है. बीस-पच्चीस मिनट. ओव्हर."

मी म्हणालो, "साहेब, मैं जाता हूँ."

"लेफ्ट में कितना है?"

"पता नहीं."

"अंदाज़े पे नहीं भेजूँगा. पहले नाप."

ते बरोबर होते. मी रेग्युलेटर सोडून गेज डावीवर चढवलं. ओल्या बोटांनी आटे बसेनात. चार मिनिटं गेली. डावीलाही गेज असतं तर ही चार मिनिटं गेली नसती. सुई एकशे दहावर थांबली. साहेबांनी मान हलवली. १२१६ ला मी पाण्यात होतो.

शाफ्टपर्यंत जावं लागलं नाही. गेटच्या फटीत माझ्या हाताला हेल्मेट लागलं.

आतली हवा संपत आली तेव्हा उस्ताद उजवीतल्या उरलेल्या हवेवर निघाले होते. पस्तीस मीटर आले. फटीत छाती आणि कूस अडकली. मी माझी उजवी त्यांच्या तोंडाला लावली. दाबून हवा सोडली. ती बुडबुडे होऊन माझ्या चेहऱ्यावरून वर गेली. खेचण्यासाठी मी त्यांची डावी बाटली धरली. पकडायला जे हाताला आलं तो तिचा नॉब होता. तो फिरला. मी आणखी फिरवला. त्यांच्या छातीवर लटकणारं डावं रेग्युलेटर सूं करून वाहायला लागलं.

किती वेळ मी तो आवाज ऐकत तिथे होतो, सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात वेळ लिहून न ठेवलेली तेवढीच एक गोष्ट आहे. १२३१ ला आम्ही वर होतो, हे नेगी साहेबांच्या वहीत आहे. शेवटचे काही मीटर मी त्यांना घेऊन फार जोरात वर आलो. त्यात माझ्या डाव्या कानाचा पडदा गेला. मेडिकल बोर्डाने मला डायव्हिंगमधून आणि पुढे वर्षभरात नोकरीतून मोकळं केलं.

काठावर त्यांच्या डाव्या बाटलीला गेज लावलं. एवढी हवा वाहून गेल्यावरही एकशे साठ. पाटणच्या लेथवाल्याचा प्लग कोरडा ठणठणीत होता.

कारण साधं आहे. डाव्या बाटलीचा नॉब बाहेरच्या अंगाला होता. फटीतून पुढे सरकताना वरचं गेटचं लोखंड त्याला घासलं की तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो. उजवीचा उघडण्याच्या दिशेने फिरतो. ज्यांच्या डोक्यावर कधी छत नव्हतं त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. डावीवर गेज असतं तर दोनशेवरची सुई दोन दमात शून्यावर आलेली त्यांना टॉर्चच्या उजेडात दिसली असती. भरलेली बाटली दोन दमात गळत नाही. बारा वर्षांच्या डायव्हरला तेवढं पुरलं असतं.

चौकशीत मी हे सगळं लिहून दिलं. गेज मी मागून घेतलं, हेही. अहवालात आलं, "हवा संपल्याने मृत्यू." मी हरकतीचा अर्ज केला. एक अधिकारी मला बाजूला घेऊन समजुतीने म्हणाले, "क्यों अपने ऊपर ले रहे हो? शहीद हुए हैं. बात को वहीं रहने दो." मी राहू दिली नाही. शहीद हा शब्द माणसाच्या सन्मानासाठी आहे. चुकीवर पांघरायची ती चादर नाही. पुढच्या डायव्हरच्या बाटलीला दुसरं गेज मिळायचं असेल, तर आधीच्याच्या मरणाचं कारण खरं लिहिलं गेलं पाहिजे. माझ्या दुसऱ्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून हे इथे लिहितो आहे.

नोकरी सुटल्यावर पहिल्यांदा फलटणला गेलो. उस्तादांचं घर गावाबाहेर, दोन्ही बाजूंनी ऊस. वहिनी अंगणवाडीतून नुकत्याच आल्या होत्या. पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"भावजी, गावानं चौकात दगड बसवायचं ठरीवलंय. उद्या पाथरवट येणार हाय. सरपंचांनी लिहून आणलंय." त्यांनी कागद दिला. त्यावर होतं, 'हवा संपली तरी हिंमत संपली नाही.'

मी कागद खाली ठेवला. "वहिनी, हवा संपली नव्हती."

मग सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी विचारलं, "डावीत किती हुती?"

"तिघंही बाहेर आलो असतो, एवढी."

"मग उघडली का न्हाई त्यांनी?"

"ती उघडायचं काम माझं होतं. आमच्यात तशीच रीत. मी उघडली म्हटलं होतं, आणि त्यांनी विश्वास ठेवला."



"आन ते दुसरं गेज?"

"ते मी मागून घेतलं."

वहिनी उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं. त्या परत आल्या तेव्हा हातात अंगणवाडीचं पेन होतं. सरपंचांची ओळ त्यांनी आडवी खोडली. कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

"तुमी लिवा. खरं तेवढंच. एक अक्षर जास्त नगं, आन एक कमी बी नगं."

मी लिहिलं. पाथरवटाने ते जसंच्या तसं कोरलं. फलटणला गेलात तर वाचा.

हवालदार दत्तात्रय भोईटे, डायव्हर. पाण्याखालच्या बोगद्यातून फिटर भूपाल मगदूम यांना वाचवताना मृत्यू. त्यांच्या डाव्या बाटलीत हवा होती. ती बंद झाली आहे, हे त्यांच्या साथीदाराने पाहिलं नाही.